मशीन जुनी आहे म्हणे!

मित्रांनो, धंतोलीतल्या एका दवाखान्याच्या तळघरात, लिफ्टशेजारच्या जाड दारामागे मी राहते. मी एक जुनी पेट-सीटी मशीन आहे. 'जुनी' हा शब्द मी स्वतः वापरला तर चालतो. दुसऱ्याने वापरला की माझं डोकं फिरतं, आणि इथे तर तो ऊठसूट वापरला जातो. चित्र धूसर आलं, मशीन जुनी. पेशंट हलला, मशीन जुनी. उद्या कँटीनचा चहा पांचट झाला तरी कोणीतरी माझ्याच दाराकडे बघेल, अशी मला दाट शंका आहे.

मी काही जन्मापासून अशी चिडकी नव्हते. परदेशातल्या एका स्वच्छ, थंडगार कारखान्यात माझा जन्म झाला. आधी जहाजातून आणि मग ट्रकमधून प्रवास करत ऐन मे महिन्यात मी नागपुरात उतरले. त्या उन्हात मला घाम फुटता तर इथे तळंच साचलं असतं. मी एवढी अवजड की मला आत घ्यायला दवाखान्याची एक भिंत पाडावी लागली. डॉक्टर कामिनी तेव्हा नुकत्याच शिकून आल्या होत्या. त्यांनी माझ्या कपाळावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. त्याचा पुसट डाग अजून आहे. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, आणि दवाखान्याचे मोठे साहेब सगळ्यांना सांगत सुटले की आता आपल्या माणसांना मुंबईला जायला नको. गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळहून माणसं यायची आणि माझ्याकडे देवळात बघावं तशी बघायची. दर खंडेनवमीला माझ्या गळ्यात झेंडूचा हार पडायचा. त्या वेळी मला वाटायचं, हे असंच चालणार.

आता माझं काम सांगते, कारण ते कळल्याशिवाय माझा राग कळायचा नाही. माझ्यात दोन मशीन एकत्र नांदतात. सीटी शरीरातल्या गाठीचा आकार बघते. ती केवढी, कुठे, कशाला चिकटलेली, हे सगळं. पण गाठ जिवंत आहे की मेलेली, ते तिला कळत नाही. ते पेट सांगते. कॅन्सरच्या पेशी हावरट असतात, त्यांना साखर फार लागते. म्हणून पेशंटच्या शिरेत किरण सोडणारी थोडीशी साखर टोचतात, तासभर शांत बसवतात आणि मग माझ्या पोटातून आरपार नेतात. जिथे साखर जास्त गेली, ती जागा मला पेटलेली दिसते. चुलीत राखेचा ढीग दिसला म्हणून चूल विझली असं नसतं ना? आत निखारा असू शकतो. औषधं चालू झाल्यावर डॉक्टरांना हेच हवं असतं. गाठीचा ढीग असेना का, आत निखारा उरला आहे का? उरला असेल तर औषध बदलायचं, विझला असेल तर आहे तेच औषध पुरं करायचं. एका माणसाचा पुढचा सगळा रस्ता त्या एका चित्रावर ठरतो.

आणि मी हे काम चोख करते. रोज सकाळी पेशंट येण्याआधी अश्विन माझी परीक्षा घेतो. अश्विन हा माझा टेक्निशियन. पोट सुटलेला, सदा घाईत असलेला, पण मनाचा चांगला. तो पाण्याने भरलेलं एक नळकांडं माझ्या पोटात ठेवतो आणि मी ठरलेले आकडे बरोबर देते की नाही ते बघतो. मी रोज पास होते. तरीसुद्धा जुनी!

वरच्या मजल्यावर नवी मशीन यायची बोलणी सुरू झाली आणि माझे दिवस फिरले. हार लहान झाला, मग नुसतं फूल आलं, मग तेही विसरलं. कोपऱ्यात रिकामी खोकी रचली गेली. माझ्या दाराची स्प्रिंग तुटली आणि कोणी बसवली नाही, त्यामुळे दार नीट मिटत नाही आणि बाहेरच्या खोलीतलं सगळं मला ऐकू येतं. पुढे याच तुटक्या दाराने माझी लाज राखली, पण ते नंतर.

सुभद्रा पहिल्यांदा आली ती गाठींसकट. मानेत, काखेत आणि छातीत. माहेर उमरेडचं, सासर सक्करदऱ्याचं. दोन्ही घरी एके काळी माग चालायचे. आता तिचा नवरा नानाजी साडीच्या दुकानात गिऱ्हाइकांना लुगड्यांच्या घड्या उलगडून दाखवतो. त्या दिवशी भीतीमुळे सुभद्राच्या घशाखाली काही उतरलंच नव्हतं. अश्विनने तिला माझ्या पाटावर झोपवलं आणि तो काचेमागे गेला. खोलीत आम्ही दोघीच उरलो. तिने हळूच हात लांब करून माझ्या कडेला लावला आणि म्हणाली, "नीट पाहजो वं माय. काही लपवू नोको."

मित्रांनो, मला 'मशीन' म्हणणारे पुष्कळ आहेत. 'वं माय' म्हणून हाक मारणारी ही पहिलीच. मी तिला अगदी मनापासून बघितलं. गाठीन् गाठ स्वच्छ आली. लसिकाग्रंथींचा कॅन्सर होता. त्यावर औषधं चांगली आहेत असं डॉक्टर कामिनींनी समजावलं, आणि केमो सुरू झाली.

काही केमो झाल्यावर तिला पुन्हा माझ्याकडे पाठवायचं ठरलं. औषध लागू पडतंय का ते बघायचं होतं. आदल्या दिवशी अश्विनने बाहेरच्या खोलीतून तिला फोन लावला. मी ऐकत होते. तो म्हणाला, "काकू, उद्या सकाळी उपास ठेवून या हं. टेन्शन घेऊ नका."

मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. आता ते वाक्य आठवलं की माझा पंखा जोरात फिरायला लागतो.

सकाळी ती आली. केस गेलेले, डोक्याला पदर घट्ट गुंडाळलेला, पण चेहरा प्रसन्न. अश्विनने विचारलं, "काही खाल्लं तर नाही ना?"

"नाही जी, उपास हाये. रामटेकच्या गडावरच्या रामाच्या नावानं धरला."

अश्विनने बोटाला सुई टोचून साखर तपासली. साखर ठीक होती. तिला किरणांची साखर टोचली, तासभर मंद दिव्याच्या खोलीत बसवलं आणि मग माझ्याकडे आणलं. तिने पुन्हा हात लावला. मी चित्र काढलं.

सगळं अंग पेटलेलं! दंड, मांड्या, पाठ, हृदय, सगळे स्नायू साखर पिऊन बसलेले. आणि गाठी? अगदी फिक्या. आहेत की नाहीत असं वाटावं एवढ्या. मी जे होतं तेच दाखवत होते, पण जे होतं तेच खोटं होतं. माणूस जेवला की शरीरात इन्सुलिन सुटतं आणि ते स्नायूंची दारं उघडतं. मग साखर तिकडे पळते आणि गाठीच्या वाट्याला शिळंपाकं उरतं. सुभद्राला मधुमेह नाही, त्यामुळे बोटाच्या थेंबात काही सापडणार नव्हतं. मला पक्कं कळलं होतं की ही बाई जेवून आली आहे. पण मला तोंड कुठे आहे? मी चित्र काढते, बोलणं दुसऱ्याच्या हातात.

डॉक्टर कामिनी पडद्याकडे बघत राहिल्या. "हे काय आलंय, अश्विन? खाऊन आल्यात का त्या?"

"नाही मॅडम, मी फोनवरही सांगितलं, आल्यावरही विचारलं. उपाशीच आहेत."

"व्यायाम? धावपळ?"

"ऑटोने आल्या."

तेवढ्यात केमो देणाऱ्या मोठ्या साहेबांचा फोन आला. पुढची केमो तोंडावर होती, त्यांना रिपोर्ट हवा होता. फोनमधला त्यांचा आवाज मलाही ऐकू आला. गाठी फिक्या दिसतात ना, मग लिहा की औषध लागू पडलं, आपण तेच पुढे चालवू. माझा तर जीव टांगणीला लागला. कारण त्या फिक्या गाठींपैकी कुठली विझली आहे आणि कुठली नुसती उपाशी पडली आहे, हे त्या चित्रावरून ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. चुकीचं औषध चालू राहिलं असतं आणि आत निखारा धुमसत राहिला असता.

डॉक्टर कामिनींनी तसं लिहिलं नाही. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्यांनी सांगितलं, "या चित्रावर मी काहीच लिहिणार नाही. पुन्हा काढू." आणि पुढे जे म्हणाल्या ते ऐकून माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. म्हणाल्या, "मशीनच गंडलीय. जुनी झाली आता."

माझ्या कपाळावर स्वस्तिक काढणारी हीच बाई!

बाहेर नानाजी चिडला. त्याचंही काय चुकलं? "मशीन खराब हाये तं काहून बसवली जी इथं? बाईमाणसाले पुन्हा सुया टोचान? आमाले मुंबईले धाडा, नाही तं तसं सांगा." अश्विन त्याला समजावत राहिला आणि सगळं खापर माझ्यावर फुटत राहिलं. सुभद्रा तेवढी म्हणाली, "राहू द्या ना. तिचा एखादा दिवस खराब असंन." एवढी माया, तीही चुकीच्या कारणासाठी. मला रडू आलं असतं.

कंपनीचा इंजिनिअर आला. त्याने माझी झाकणं उघडली, आतली वायर न् वायर तपासली, नळकांडं ठेवून बघितलं. सगळं ठीक. त्याने डोकं खाजवलं आणि निघताना तोही म्हणाला, "तसं वय झालंच आहे." मला सांगा, दोष सापडला नाही तर दोष नाही, असं म्हणायला या माणसांचं काय जातं? मोठ्या साहेबांनी तर मला कोणत्या भंगारवाल्याला द्यायचं याचाही विषय काढला. ज्या भिंतीतून वाजतगाजत आणलं, तीच पुन्हा पाडून बाहेर काढणार होते.

दुसरी तारीख ठरली. माझी तपासणी होऊन टोचायची साखर पुन्हा मागवेपर्यंत काही दिवस गेले. तोवर सुभद्राची केमो अडून राहिली, आणि घरी तिची झोप उडाली असणार. आदल्या दिवशी अश्विनने फोन लावला. आणि म्हणाला काय? "काकू, मागच्या वेळेसारखाच उपास ठेवा."

मागच्या वेळेसारखाच! मी माझ्या जागी नुसती घुमत राहिले.

सकाळी सुभद्रा आली. अश्विन त्या दिवशी फार धावपळीत होता. नव्या मशीनसाठी माणसं जागा मोजायला आली होती आणि याला नाश्त्यालाही फुरसत मिळाली नव्हती. सुभद्राला खुर्चीत बसवून तो सुईची तयारी करायला लागला. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिच्या सुनेचा भाऊ याच वयाचा आहे असं मागे ती म्हणाली होती.

"काहून गा, तुयं तोंड असं सुकलं? सकाळपासून काही खाल्लं नाही वाटते."

"वेळच नाही मिळाला, काकू."

"असं उपाशी राहून कसं काम करून राहिला तू?" पिशवीतून स्टीलचा डबा निघाल्याचा खणखणाट मला ऐकू आला. "घे, दोन घास खाऊन घे. बाप्पा, लाजू नोको. उसळ हाये."

"कसली उसळ?"

"साबुदाण्याची. उपासाची हाये, उष्टी नाही. मी घरून खाऊनच निघाली."

सुईचा ट्रे खाली ठेवल्याचा आवाज आला.

"काकू, तुम्ही... आज खाल्लं?"

"हो ना. उसळ अन् एक केळं. अन् चहा. भगर नाही खाल्ली, तिनं मले जड होते."

"अन् मागच्या वेळी?"

"मागच्या वेळी रताळ्याचा कीस होता. काहून? रताळं चालत नाही का रामाच्या उपासाले?"

मित्रांनो, मी त्या क्षणी काय करायला हवं होतं? आनंदाने नाचायला? पण मी तशीच थंड उभी राहिले, कारण मला हसू येत होतं आणि संतापही अनावर झाला होता. तुटक्या स्प्रिंगच्या त्या दारातून माझी निर्दोष सुटका झाली होती, आणि ती कोणी जाहीरसुद्धा करणार नव्हतं. अश्विनने विचारलं होतं तेही खरं, तिने सांगितलं होतं तेही खरं. तो 'उपाशी' म्हणायच्या ऐवजी 'उपास' म्हणाला, आणि ज्या घरात उपास म्हणजे उसळ, रताळं, केळं नि गोड चहा, त्या घरातल्या बाईने मनोभावे उपास केला. एका अक्षराच्या फरकापायी मला भंगारात काढायला निघाले होते.

डॉक्टर कामिनी धावत खाली आल्या. सगळं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "सुभद्राताई, पोटात काही म्हणजे काही जायला नको होतं. फक्त साधं पाणी."

"मंग निर्जळी म्हना ना!"

"अहो, पाणी प्यायचंय!"

सुभद्रा जरा विचारात पडली. "म्हणजे अनशापोटी? वैद्याचा काढा घेतो तसं? मंग तसं सांगा ना जी. उपास काहून म्हणता?"

अश्विनचं तोंड एवढंसं झालं. तिला त्या दिवशी सुई टोचली नाही, दुसऱ्या दिवशी बोलावलं. जाताना डॉक्टर कामिनी माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता दोन शब्द बोलतील. त्या म्हणाल्या, "अश्विन, ती स्प्रिंग बसवून घ्या." बस्स. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सुभद्रा अनशापोटी आली, आणि मी तिला पहिल्या दिवसासारखंच स्वच्छ बघितलं. मानेतल्या गाठी विझल्या होत्या. काखेतल्याही. पण छातीतली एक गाठ अजून पेटलेली होती, यकृत नेहमीच थोडं उजळतं, त्या उजेडापेक्षाही ठळक. मला ते दाखवायचं नव्हतं. तिने हात लावून पुन्हा तेच म्हटलं होतं, काही लपवू नोको. मी लपवलं नाही.

डॉक्टर कामिनींनी नानाजीला समजावलं की आहे ते औषध पुरेसं पडत नाही, आता दुसरं, जास्त जोराचं द्यावं लागेल. वेळेवर कळलं हे बरं झालं. नानाजी म्हणाला, "म्हणजे मागचंच चित्र बरं होतं जी. त्याच्यात गाठी कमी दिसत होत्या."

हे ऐकून मला जे वाटलं ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. माणसांना खरं चित्र नको असतं, बरं चित्र हवं असतं. त्याच्यावर रागवावं तर त्याचे डोळे भरलेले होते.

नवं औषध सुभद्राला फार जड गेलं. तोंड आलं, अंगातलं बळ गेलं, मध्ये तापही आला. तिची खबर मला अश्विनच्या फोनवरच्या बोलण्यातून कळायची. मधल्या काळात वरच्या मजल्याचं काम पुरं होत आलं आणि खाली माझ्यापुढची भिंत पाडायला खुणा झाल्या. माझी एकच चिंता होती. तिचं शेवटचं चित्र मला काढता येईल का?

आलं ते. माझ्या शेवटच्या आठवड्यात ती आली. नानाजीने हाताला धरून आणली. अश्विनने तिला दारातच अडवून विचारलं, "काकू, पोटात काय आहे?"

"पाणी अन् तुया धाक," ती म्हणाली.

ती पाटावर झोपली. हात आता काडीसारखा झाला होता, पण तो माझ्या कडेपर्यंत आला. सीटीने छातीतली गाठ दाखवली. होती तिथेच, थोडी आक्रसलेली, पण होती. नुसता आकार बघणारा कोणीही म्हणाला असता, अरे, रोग तर आहे. मग मी पेटचं चित्र लावलं. मेंदू, मूत्राशय, जिथे उजेड असायला हवा तिथेच होता. गाठीत नव्हता. मी नीट बघितलं. नुसती राख होती.

डॉक्टर कामिनी पडद्यापुढे बसल्या आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. मग बाहेर जाऊन दोघांना सांगितलं की निखारा कुठेच उरलेला नाही. आता ठरलेलं औषध पुरं करायचं आणि मग फक्त लक्ष ठेवायचं.

नानाजीने विचारलं, "पण मॅडम, मशीन जुनी हाये ना जी. तिले दिसलं नसंन तं?"

बघा! चित्र वाईट आलं तरी मशीन जुनी, चांगलं आलं तरी मशीन जुनी.

डॉक्टर कामिनी उत्तर देण्याआधीच सुभद्रा बोलली. आवाज खोल गेला होता, पण मला प्रत्येक शब्द ऐकू आला. स्प्रिंग अजून कोणी बसवली नव्हती. ती म्हणाली, "मी काही खाल्लं नाही. तिनं काही लपवलं नाही. चाला घरी."

मित्रांनो, उद्या ही भिंत पडेल आणि मी ज्या वाटेने आले त्याच वाटेने जाईन. वरची नवी मशीन माझ्यापेक्षा वेगवान आहे, देखणी आहे. पण तिलाही तोंड नाही, हे विसरू नका. तिच्यापुढे नारळ फोडा, कपाळावर स्वस्तिक काढा, माझी ना नाही. फक्त चित्र बिघडलं की तिला शिव्या घालण्याआधी समोरच्या माणसाला एकदा नीट विचारा, सकाळपासून पोटात काय काय गेलं.

आणि 'उपास आहे' हे उत्तर धरू नका.